डब्याच्या मानेवरचे दात

वहिनीच्या हातचा मार खाल्ला नाही असा माणूस त्या गल्लीत शोधून काढावा लागला असता. खरं तर ती कुणाचीच वहिनी नव्हती. तिचा नवरा रॉकेलचं दुकान चालवायचा, त्याला सगळे दादा म्हणत, म्हणून ही वहिनी. दादा गेला, दुकान मागे राहिलं, आणि वहिनी हे नाव तिला असं चिकटलं की तिचं खरं नाव एका परवान्यावर सोडलं तर कुठेच उरलं नाही. उंचीला बेताची, खांद्यानं रुंद, केसांना कायम रॉकेलचा वास आणि राग नाकाच्या शेंड्यावर. तिच्याशी बोलताना लोक काउंटरपासून हातभर लांब उभे राहत. हे अंतर कुणी ठरवून दिलं नव्हतं, ज्याच्या त्याच्या गालानं ते शिकून घेतलं होतं.

एकदा एक दांडगा हमाल पेटती सिगरेट ओठांत धरून दुकानात शिरला. आत डाव्या भिंतीला लाकडी घडवंचीवर रॉकेलची पिंपं आडवी ठेवलेली, प्रत्येकाला पितळी तोटी, तोटीखाली थेंब धरायला पसरट ताटली, आणि खाली सगळीकडे भुसा. वहिनीनं हात फडक्याला पुसला, काउंटरला वळसा घातला आणि अशी एक ठेवून दिली की सिगरेट आणि समोरचा एक दात असे दोघे बरोबरच रस्त्यावर जाऊन पडले. मग बाहेर जाऊन तिनं सिगरेट चपलेनं विझवली, दात उचलला, हमालाच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "घे, हा तुझा. सिगरेट माझी." पुढच्या खेपेला तो मुकाट्यानं रांगेत उभा होता. ही गोष्ट गल्लीनं वर्षानुवर्षं हसून हसून सांगितली. आता हसण्यासारखी आहे खरी. पण एखाद्या बाईचा हात इतका तयार होतो तो कुठल्या तालमीत, हे हसणाऱ्यांपैकी कुणी विचारलं नाही.

मार ही तिची मातृभाषाच होती म्हणा ना. बाप पट्ट्यानं बोलायचा, शाळेतल्या बाई पट्टीनं बोलायच्या, आणि लग्न झाल्यावर नवरा बोलायला लागला तो पिंपातून तेल ओढायच्या रबरी नळीनं. नळीचे वळ दिसत नाहीत लवकर, आणि रॉकेलात बुडालेली असली की वर आगही होते. पाच माणसांत हसून बोलणारा, उधारीवर तेल देणारा, सगळ्यांचा लाडका दादा दुकानाचं शटर खाली ओढलं की दुसराच कुणीतरी व्हायचा. एका दुपारी ती शटरखालून बाहेर निसटायला गेली, तेव्हा त्यानं ते तिच्या उजव्या हातावर खेचलं आणि वर पाय देऊन उभा राहिला. हाडं कशीबशी जुळली, पण शेवटची दोन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. त्या हातानं मूठ वळत नव्हती.

म्हणून मग ती डाव्यानं शिकली. हात गळ्यातल्या झोळीत होता तोवर ती गप्प बसली. झोळी सुटली, आणि दादानं पुन्हा नळी उचलली त्या दिवशी तिनं डाव्या हातानं लोखंडी माप उचलून त्याच्या कपाळावर घातलं. तो पिंपांच्या मधल्या जागेत कोसळला. भुसा लाल झाला. ती त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसली, माप पुन्हा वर धरलं आणि विचारलं, "अजून हवंय?" तो नाही म्हणाला. त्यानंतर तो मरेपर्यंत तिला 'अहो' म्हणत असे, आणि ती त्याला 'अरे'. गल्लीला वाटायचं, काय प्रेम आहे!

बोटांचं मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही. विचारलंच तर म्हणायची, "सांधे धरलेत." मार खाल्ल्याची तिला लाज वाटत होती, आणि मार दिल्याची कधीच नाही. तिचा सगळा स्वभाव या एका गोष्टीत आला.

त्या वेळी लोक रॉकेल न्यायला हाताला येईल ती बाटली घेऊन येत. सरबताची, खोकल्याच्या औषधाची, फळांच्या रसाची. बुचाऐवजी कागदाचा बोळा. दर वर्षी कुणाचं तरी पोर तहान लागली म्हणून ती तोंडाला लावायचं, इस्पितळात पळापळ व्हायची, काही पोरं परत यायची, काही यायची नाहीत. लोक हळहळत आणि पुन्हा त्याच बाटल्या घेऊन येत. शेवटी सरकारनं कायदा केला: रॉकेल विकायचं तर नव्या डब्यातच, आणि डब्याला झाकण असं की लहान मुलाच्या हातानं ते उघडता कामा नये.

डबा साधाच होता, निळ्या प्लास्टिकचा. मानेवर दोन बाजूंना दोन दात होते, हरभऱ्याएवढे. झाकण नुसतं फिरवलं तर त्या दातांना अडून थांबायचं. दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबलं की झाकणाची कड फाकायची, दात सुटायचे आणि मग ते फिरायचं. पोराच्या बोटांत तेवढी ताकद नसते, एवढीच त्यातली हिकमत. तपासनीस म्हणून आलेला सर्दीनं बेजार झालेला माणूस रुमालात शिंकत शिंकत हे सगळं नीट समजावून सांगत होता, आणि खरं सांगायचं तर त्याचं सगळं बरोबर होतं.

"तुम्ही उघडून बघा ना, वहिनी," तो म्हणाला.

दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. वहिनीनं उजव्या हातात झाकण धरलं, दाबलं, फिरवलं. ते हललं नाही. पुन्हा दाबलं. मिटत नसलेली दोन बोटं तशीच हवेत उभी. मागून कुणीतरी खुसकन हसलं.

"तेल लावा जरा हाताला," तो हसणारा म्हणाला.

वहिनीनं डबा फेकला तो थेट तपासनिसाच्या कानावर. हसलेल्याला वाटलं आपण वाचलो, तोवर पितळी नरसाळं त्याच्या कोपरावर येऊन आदळलं. तपासनीस कान धरून, परवाना रद्द करीन म्हणत, शिंकत बाहेर पडला. कान पिकला त्याचा, पण तक्रार त्यानं केली नाही. असे सज्जन लोक असतात, आणि त्यांना नेमकी अशीच गिऱ्हाइकं भेटतात.

परवाना जाईल या भीतीनं वहिनीनं डबे ठेवले. पण मनातून त्या झाकणांवर तिचा दात होता. पहिल्याच आठवड्यात जिन्यावरची म्हातारी डबा घेऊन रडकुंडीला येऊन उभी राहिली. जिन्यावरच्या खोलीत एकटी राहायची, हात संधिवातानं वाकडे झालेले. "झाकण उघडत नाही गं. सकाळपासून स्टोव्ह पेटला नाही. शेजारच्याला हाक मारली तर तो म्हणतो रोज रोज कोण येणार."

वहिनीनं खणातून पक्कड काढली, मानेवरचा एक दात पकडीत धरला, कटकन मोडला, मग दुसरा. झाकण लावून डबा म्हातारीच्या हातात दिला. म्हातारीनं दोन बोटांनी फिरवलं आणि उघडलं. "देव तुझं भलं करो," ती म्हणाली, आणि वहिनीला असं बरं वाटलं जसं तपासनिसाच्या दुसऱ्या कानावरही डबा बसलाय.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. "वहिनी, तेवढे दात काढून द्या." म्हातारी माणसं मागायची, मग तरुणही मागायला लागली, कारण दाबून फिरवण्यापेक्षा नुसतं फिरवणं सोपं. पुढे पुढे कुणी मागायचीही गरज उरली नाही. डबा काउंटरवर आला की पक्कड, कट, कट, मग नरसाळं, मग तेल, मग झाकण. तोंडानं एकाशी भांडण चाललेलं असायचं आणि हात आपलं काम करून मोकळे व्हायचे. वरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. झाकण घट्टच बसायचं, डबा नवाच दिसायचा.

दुकानाच्या मागच्या अंगणाला लागून एक खोली होती, तिथे काजवाली राहायची. शर्टांच्या कारखान्यातून गठ्ठे आणून घरी काजं-बटणं करायची म्हणून तिला काजवाली म्हणत. किडकिडीत, मान खाली, बोलणं तोंडातल्या तोंडात. नवरा ट्रक चालवायचा. आठवडेच्या आठवडे रस्त्यावर, आणि घरी आला की त्या सगळ्या दिवसांची कसर भरून काढायचा. सकाळी ती हनुवटीपर्यंत ओढणी ओढून पाण्याला निघाली की गल्ली समजून घ्यायची, ड्रायव्हर आलाय. वहिनीला तिच्याकडे बघवत नसे. दया येत होती असं म्हणायची सोय नाही. तिला पाहिलं की वहिनीच्या डोक्यात तिडीकच जायची. 'हिला हात नाहीत का?' असं ती मनात म्हणायची आणि उगाच तिच्यावरच खेकसायची. स्वतःची नळीखालची वर्षं समोर चालत-बोलत आलेली कुणाला आवडतील?

काजवालीची पोर मात्र वहिनीला आवडायची. तीन वर्षांचीही नव्हती. नाव काही का असेना, सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती चालतच नसे, गोल फिरत फिरतच कुठूनही कुठेही जायची. सगळ्या गल्लीत वहिनीला न भिणारं तेवढं एकच माणूस. खुशाल काउंटरखालून आत घुसायची, भुश्यात बसायची. वहिनी तिची मानगूट धरून उचलायची, आणि पोर खिदळायची.

काजवाली नवा डबा घ्यायला आली तेव्हा भिंगरी तिच्या कडेवर होती. दुकानात गर्दी, आणि वहिनी एका हातगाडीवाल्याशी मापावरून हमरीतुमरीवर आलेली.

"वहिनी," काजवाली म्हणाली, "दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं, ही बाटली टाका, तो डबा घ्या म्हणून. हाच ना तो? पोरांना न उघडणारा?"

"माझं माप खोटं म्हणतोस? ये इकडे, तुझ्या टाळक्यात घालून दाखवते किती भरतं ते!" हे हातगाडीवाल्याला. हात चालूच होते. कट, कट, नरसाळं, तेल, झाकण. मग काजवालीपुढे डबा सरकवत, "हो गं बाई, हाच तो. आता घरात कुठेही टाक, काळजी नाही."

काजवालीनं तिचं ऐकलं. इतके दिवस रॉकेलची बाटली वरच्या फळीवर असायची, दर वेळी स्टुलावर चढून काढायची. तो नवा डबा तिनं खाली स्टोव्हच्या शेजारी ठेवला.

चार-आठ दिवसांनी, भर दुपारी, ती मशीनवर वाकून गठ्ठा संपवत होती. मागून खोकला ऐकू आला. वळून पाहिलं तर भिंगरी जमिनीवर बसलेली, डबा मांडीत, झाकण बाजूला, फ्रॉक छातीपर्यंत भिजलेला आणि श्वास घेताना तोंडाचा चंबू. काजवाली पोरीला उचलून अनवाणी धावली. सगळ्या गल्लीनं तिला धावताना पाहिलं. पोरीच्या छातीत तेल उतरलं होतं. इस्पितळात ती दोन दिवस घुरघुरत राहिली, आणि मग थांबली.

बातमी दुकानात आली तेव्हा वहिनीची नजर आधी पकडीवर गेली. पण माणसाचं मन फार हुशार असतं. लगेच म्हणालं, उघडा ठेवला असेल डबा. वेंधळीच आहे ती. वहिनीनं ते धरून ठेवलं.

ड्रायव्हर आला, पोरीला पुरून आला, आणि घराचं दार लावून घेतलं. मागच्या अंगणात उभं राहिलं की खिडकीतून सगळं ऐकू यायचं. पहिल्या दिवशी काजवाली प्रत्येक फटक्याला म्हणत होती, "मी झाकण लावलं होतं. लावलं होतं हो मी." मग काहीतरी आपटल्याचा आवाज, आणि ड्रायव्हरचा ओरडा, "हे? हे नवं झाकण? हे बघ, दोन बोटांनी उघडतं! कुणाला मूर्ख बनवतेस?" दुसऱ्या दिवशी ती म्हणत होती, "लावलं असेल." मग, "आठवत नाही मला." माणसाला पुरेसं मारलं की त्याचं स्वतःच्या आठवणीवरचं हक्काचं नावही पुसून टाकता येतं. वहिनीला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच संध्याकाळी खिडकीतून डबा बाहेर भिरकावला गेला आणि वहिनीच्या अंगणात येऊन पडला. तिनं तो उचलला. मानेवर अंगठा फिरवला. दोन्ही बाजूंना दातांच्या जागी तिरपे, खरबरीत बुंधे. तिच्या पकडीची एक कड झिजलेली होती, म्हणून तिचा काप नेहमी तिरपा पडायचा. आता मनाला सांगायला काही उरलं नाही.

खोटं कशाला सांगू, वहिनी घाबरली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पाचावर धारण बसली. परवाना जाणार, पोलीस येणार, आणि ड्रायव्हर दुकानात आला तर पिंपांसकट जाळून टाकणार. तिनं डबा भुश्याच्या पोत्यामागे कोंबला आणि पक्कड गटारात फेकली. पुढचे दिवस तिच्या हातून गल्लीनं जो मार खाल्ला त्याला काही हिशेब नव्हता. रांगेत पुढे घुसला म्हणून एकाचं डोकं तिनं काउंटरवर आपटलं. एकाचा अंगठा पिंपाच्या तोटीत पिरगळला. जिन्यावरची म्हातारी भाबडेपणानं म्हणाली, "तेवढे दात काढून दे गं," तर वहिनीनं तिला खांद्याला धरून इतक्या जोरानं बाहेर ढकललं की म्हातारी पायरीवर बसली आणि तिला उठताच येईना. सगळे बघत राहिले. वहिनीनं आत जाऊन स्वतःच्या उजव्या हातावर डाव्या हातानं चावा घेतल्यासारखी नखं रोवली.

त्यानंतर एका दुपारी ती अंगणात रिकामी पिंपं उलटी करत होती. खिडकीत पट्ट्याचा आवाज होता. सपकन एक, मग शांतता, मग पुन्हा. ड्रायव्हर ओरडत नव्हता आता. थकल्यासारखा, शाळेत पाढे म्हणून घ्यावेत तसा म्हणत होता, "म्हण. मी मारली पोरीला. म्हण."

आणि काजवालीनं म्हटलं, "मी मारली पोरीला."

"परत."

"मी मारली पोरीला."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. तिला ते पटलं होतं.

वहिनीनं पिंप सोडलं. ते घरंगळत जाऊन भिंतीला आपटलं. तिनं पोत्यामागचा डबा काढला आणि गल्लीला वळसा घालून निघाली. गल्लीतल्या खिडक्या नेहमीप्रमाणे बंद होत्या, नवरा-बायकोच्या भांडणात कोण पडतो! काजवालीचं दार तिनं लाथेनं उघडलं.

ड्रायव्हरनं बायकोचे केस मुठीत धरले होते. तिचा गाल शिलाई मशीनच्या पत्र्यावर दाबलेला, एक डोळा सुजून बंद, पाठीवर कपडा रक्तानं चिकटलेला. बटणं जमिनीभर सांडली होती.

"सोड तिला," वहिनी म्हणाली.

"वहिनी, तुम्ही यात पडू नका. घरातलं आहे हे."

"घरातलं नाही. दुकानातलं आहे. सोड आधी."

त्यानं मूठ सोडली ती ऐकून नव्हे, आश्चर्यानं. वहिनीनं डबा पुढे धरला. "हे बघ. इथं दात असतात. दात असले की पोराला झाकण उघडत नाही. तुझ्या बायकोनं मला विचारून हा डबा घेतला होता. हे दात मी मोडले. पकडीनं. सगळ्यांचे मोडते, हिचेही मोडले, आणि वर सांगितलं, कुठेही टाक म्हणून. पोर मी मारली तुझी."

त्यानं डबा हातात घेतला. अंगठा त्या खरबरीत जागेवरून फिरवला, पुन्हा फिरवला. मग डबा खाली टाकला आणि वहिनीच्या तोंडावर ठोसा मारला.

ती दाराच्या चौकटीवर आपटली. तोंडात रक्ताची चव आली, एक दात जिभेवर सुटा झाला. डावा हात आपोआप मुठीत वळून वर उठला, इतकी वर्षं तो असाच उठत आला होता. तिनं तो ओढून पाठीमागे घेतला आणि भिंत आणि पाठ यांच्यात दाबून धरला. मोठं मन वगैरे काही नव्हतं त्यात. तो हात सुटला असता तर समोरचा माणूस मेला असता किंवा ती तरी, आणि मग जे सांगायला आली ते त्या गोंधळात वाहून गेलं असतं. ड्रायव्हरनं पोटात लाथ घातली. ती खाली बसली. त्यानं कोपऱ्यातून टायर काढायची लोखंडी पट्टी उचलली, आणि पहिला घाव तिच्या खांद्यावर पडला. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. दुसरा घाव पडायच्या आत कुणीतरी मध्ये आलं.

काजवाली होती. वहिनीला वाटलं, ही मला वाचवतेय. काजवालीनं नवऱ्याला कोपरानं बाजूला लोटलं, खालचा डबा उचलला आणि दोन्ही हातांनी वहिनीच्या डोक्यावर घातला. मग पुन्हा. ज्या बाईनं आयुष्यात माशी हाकलायलाही हात नीट उचलला नव्हता, ती दातओठ खात, तोंडातून आवाज न काढता मारत होती. डब्याची कड कपाळात घुसली. रक्त डोळ्यांत उतरलं आणि वहिनीला समोरचं नीट दिसेना. तिनं डोकं वाचवायला हात वर नेला नाही. ड्रायव्हर हातात पट्टी घेऊन नुसता उभा होता. आपल्या बायकोला तो पहिल्यांदाच बघत होता.

डबा चेपला, फुटला. काजवालीचे हात थांबले. ती धापा टाकत वहिनीसमोर बटणांतच गुडघ्यांवर बसली. तिनं वहिनीची हनुवटी धरून तोंड वर केलं. तिचा चांगला डोळा वहिनीच्या रक्तानं भरलेल्या डोळ्यांवर खिळला.

"म्हणजे मी झाकण लावलं होतं?" तिनं विचारलं.

वहिनीनं तोंडातला दात आणि रक्त थुंकलं. "लावलं होतंस."

"घट्ट?"

"घट्ट लावलं होतंस गं. तुझी काही चूक नाही. तू घट्ट लावलं होतंस."

काजवाली उठली. वळून नवऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की तोच अर्धं पाऊल मागे सरला. "ऐकलंस? मी लावलं होतं," ती म्हणाली. मग गल्लीकडच्या खिडकीशी गेली, खिडकी उघडली आणि समोरच्या बंद खिडक्यांना ओरडून सांगितलं, "मी झाकण लावलं होतं!" आणि मग खिडकीचे गज धरून ती आपल्या पोरीसाठी रडायला लागली. पोर गेल्यापासून पहिल्यांदाच. तोवर तिला कुणी रडू दिलं नव्हतं, तिनं स्वतःलाही दिलं नव्हतं.